तात्यासाहेबांच्या मोटारीतली चंदेरी पट्टी

एका गावात येसबा नावाचा एक भोळा माणूस होता. वय चाळीस. तात्यासाहेबांची जुनी मोटार पुसायचं काम त्याच्याकडे. चालवायला मात्र कधी मिळाली नव्हती. तात्यासाहेबांना दोनच गोष्टी प्याऱ्या होत्या, ही मोटार आणि स्वतःची चंदेरी मिशी.

नातवाच्या लग्नादिवशी सकाळी ते म्हणाले, "येसबा, आतली चंदेरी पट्टी चमकव. चमकली तर वरातीत गाडी तू चालव. सांगतो तेवढंच कर. डोकं वापरू नकोस."

"काय करू?"

"घास."

म्हाताऱ्यांना सांगायला आवडतं. दाखवायचं म्हटलं की कंबर दुखते.

येसबाने काथ्याने घासलं. चंदेरी निघाली, खालचं काळं प्लास्टिक वर आलं.

"गाढवा, तो नुसता मुलामा. घासायचा नसतो. ओल्या कापसाने हळूच टिपायचा."

"बरं."

मग येसबा चाकांकडे वळला. बोटभर चिखल होता. दुपारपर्यंत ओल्या कापसाने हळूच टिपत बसला. अर्धं चाक झालं.

"सोड ते," तात्यासाहेब ओरडले. "चंदेरी गेली तिथे चंदेरी रंग मार. हा घे स्प्रे. आधी रंगवायचं नाही ते सगळं टेप लावून झाक. नंतर टेप एका झटक्यात ओढ. आणि रंग वाळेपर्यंत काही हलता कामा नये."

एवढं सांगून ते मागच्या सीटवर घोरायला लागले. याला देखरेख म्हणतात.

येसबाने काचा झाकल्या. स्टिअरिंग झाकलं. मग मागे बघितलं. तात्यासाहेबांना रंगवायचं नव्हतं. त्यांनाही झाकलं. नाक तेवढं सोडलं.

पट्टी आरशासारखी झाली. येसबाने झटक्याझटक्याने टेप ओढली. शेवटची मिशीवरची. तिच्याबरोबर मिशीही आली.

तात्यासाहेब बोंबलत उठले. येसबाने ओठ निरखला.

"तुमचाही मुलामाच निघाला," तो म्हणाला आणि चंदेरी गेली तिथे चंदेरी रंग मारला. "आता वाळेपर्यंत हलायचं नाही. चिरा पडतील."

तात्यासाहेबांनी आरशात बघितलं. लांबून मिशीच वाटत होती. व्याही दारात येऊन उभे होते. तात्यासाहेबांनी तोंड घट्ट मिटलं.

नवरा-नवरी मागे बसले, तात्यासाहेब पुढे.

"पट्टी चमकली. मग चालवू ना मी?"

नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं.

गाडी सुटली. पुढे उतार, उतारावर बँडवाले, त्यांच्यापुढे व्याही नाचत होते.

"तात्यासाहेब," येसबाने अदबीने विचारलं, "थांबवायची कशी, तेवढं सांगा."

तात्यासाहेब काही बोलले नाहीत. रंग अजून ओला होता.