वाचलेल्या कोंबड्यांचा गुन्हा

डोंगरातल्या एका संस्थानाचे राजे हैबतराव यांना पांढऱ्याशुभ्र कोंबड्यांचा भारी शौक. पण दर पावसाळ्यात हगवणीची साथ यायची आणि खुराडी ओस पडायची. जगलेल्या चार-दोन कोंबड्याही राजवैद्य मोरेश्वरशास्त्री मारायला लावायचे. मग बंदरावरून नव्या कोंबड्या यायच्या आणि पुढच्या साथीत त्याही मरायच्या.

यंदाही तसंच झालं. एक कोंबडा आणि मूठभर कोंबड्या तेवढ्या उरल्या. शास्त्रीबुवांनी सुरी मागवली, तेव्हा राजांच्या धाकट्या भगिनी अंबूताई खुराड्याचं दार अडवून उभ्या राहिल्या.

"बाजूला व्हा, ताईसाहेब. साथीतून जे वाचतं ते दूषित असतं, असं शास्त्र सांगतं."

अंबूताईंनी त्यांच्या गालांवरचे देवीचे व्रण शांतपणे न्याहाळले.

"देवीच्या साथीत तुमच्या घरातले तुम्ही एकटेच वाचलात ना, शास्त्रीबुवा? मग तेव्हा तुमच्यासाठी सुरी कुणी मागवली होती?"

शास्त्रीबुवांनी सुरी खाली ठेवली. त्या कोंबड्या जगल्या आणि त्यांची अंडी उबवली गेली.

पुढच्या पावसाळ्यात साथ पुन्हा आली. बंदरावरून आणलेल्या नव्या कोंबड्या पटापट माना टाकत होत्या आणि त्यांच्यामध्येच गेल्या साथीत वाचलेल्यांची पिल्लं माती उकरत खुशाल फिरत होती. राजे कितीतरी वेळ बघत राहिले. देवळात शिरावं तसे त्यांनी पायातले जोडे काढले.

"यांना औषध कुणी दिलं?" त्यांनी हळूच विचारलं.

शास्त्रीबुवांनी आपल्या गालावरून हात फिरवला.

"आईबापांनी दिलंय, महाराज. अंड्यातूनच."