बाहेरची कडी

“पण सर, थांबवता येतंय तर थांबवू नये का?”

हर्षद दाभाडकर सरांना विचारत होता. तो त्यांचा कॉलेजातला विद्यार्थी, आता मेंदूवर संशोधन करणारा बडा माणूस. मी आपली शेजारीण. विरजणाची वाटी द्यायला गेले होते. ऐकायला मिळतंय म्हटल्यावर टेकले.

“काय थांबवायचंय रे?” मी विचारलं.

“आईचं उठणं, काकू. धाकटा भाऊ कृष्णेत बुडाला, तरी तो घरी यायचा त्या दिवेलागणीला कडी वाजल्यासारखी वाटते तिला. उठते, दार उघडते… मग रात्रभर रडत बसते.”

“आणि हे औषधानं थांबेल?”

“मेंदूत दोन पेशींच्या मध्ये सांधा असतो. तो जागा झाला की पेशीत एकदम खूप कॅल्शियम शिरतं. तिथलं एक प्रथिन ते ओळखतं, धरतं, आणि सांधा घट्ट होतो. सवय, आठवण, सगळं त्यातूनच.”

“चुना लागला की पान रंगतं, तसं?”

“तसंच म्हणा.” तो हसला. खिशातून लहानशी बाटली काढून त्यानं टेबलावर ठेवली. “यानं त्या प्रथिनाचे हात बांधले जातात. आजपासून देणार आहे तिला.”

“कॅल्शियम थोडं थोडं झिरपत राहिलं तर?” सरांनी विचारलं.

“तर… सांधा सैल होतो, सर.”

“कोण करतं सैल?”

“तेच प्रथिन.”

“म्हणजे विसरणंही त्याच हातांनी. मग हात कुणाचे बांधतोस?”

हर्षदनं टेबलावरची बाटली उगाच फिरवली.

दाराशेजारी बसलेल्या सरांनी हातातल्या काठीनं दाराची आतली कडी वाजवली. हर्षद ताडकन उठला. दारापाशी पोचला, तेव्हा कुठं भानावर आला.

“आईला औषध तू देशील,” सर म्हणाले. “तुला कोण देणार?”

तो कसनुसा हसला. परत वळला.

आणि कडी वाजली… बाहेरची.

काठी सरांच्या मांडीवर आडवी होती.

हर्षदनं दार उघडलं. अंगणात कुणी नव्हतं. वाराही नव्हता, तुळशीचं पान हलत नव्हतं. कडी मात्र अजून झुलत होती.

तो हळूच दार लोटू लागला.

“थांब,” सर म्हणाले. “चपला काढू दे त्याला.”