शिळेपलीकडचं कुरण

एकदा एक वृद्ध वैद्य ऐन पौषात रिकामी परात काखेत मारून डोंगर चढू लागले. मागे त्यांचा शिष्य, कुडकुडत. गाव शेकोट्यांभोवती बसून ही वरात पाहत होता आणि हसत होता. हसणारच! असल्या थंडीत परात घेऊन हिंडणाऱ्या म्हाताऱ्याला कोण हसणार नाही?

गोष्ट अशी होती. खालच्या दरीत रानमोडी शिरली होती. परमुलखातून आलेलं हे झुडूप. गुरं त्याला तोंड लावत नाहीत आणि ते गवताला जगू देत नाही. दरीतली कुरणं त्यानं गिळली, मग ते चढाला लागलं आणि देवीच्या शिळेपाशी येऊन थांबलं. शिळेपलीकडे गावाचं शेवटचं कुरण होतं. देवीनंच रेघ ओढली आहे, असं गाव म्हणे, दर अमावास्येला शिळेला शेंदूर लावी आणि निर्धास्त राही.

वैद्य मात्र दर हिवाळ्यात शिळेपलीकडे झऱ्याचं पाणी परातीत भरून उघड्यावर ठेवीत. सकाळी त्यावर बर्फाचा पापुद्रा धरलेला असे. त्या वर्षी धरला नाही. आदल्या वर्षीही धरला नव्हता. वैद्यांनी पाण्यात बोट बुडवून पाहिलं.

त्याच दिवशी त्यांनी चावडीवर सांगितलं, "रानमोडीला अडवून धरलं होतं ते गोठवणाऱ्या थंडीनं. ती थंडी आता वर सरकली. झुडूप शिळा ओलांडणार. पावसानंतर घरटी एक माणूस द्या, कोवळी असतानाच रोपं उपटू."

"म्हणजे देवीवर भरवसा नाही होय तुमचा?" पाटील म्हणाले.

म्हशी राखणाऱ्या येसाबाई तर पदर तोंडाला लावून हसल्या. "बुवा, वर एक पान दिसत नाही अजून. उपटायचं काय, आमची डोकी?"

वैद्यांनी गावातलं घर सोडलं आणि कुरणातच झोपडी बांधली. औषधाला येणारी माणसंही हळूहळू यायची थांबली. कोण जाईल एवढ्या वर, त्या चक्रम म्हाताऱ्याकडे? शिष्य तेवढा राहिला.

पाऊस सरला आणि गवतात रोपं दिसली, बोटभर उंचीची. शिष्य हरखून गेला. "गुरुजी, तुमचं खरं ठरलं!" मूठभर रोपं घेऊन तो धावतच गावात गेला. येसाबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. "एवढंसं असताना सगळंच सारखं दिसतं रे. मोठं होऊ दे, मग ओळखू."

तो परतला तेव्हा वैद्य ओणवे होऊन रोपं उपटत होते, एकही मागे न ठेवता. शिष्याचा संताप झाला. "एक कोपरा तरी राखा, गुरुजी! फुलू द्या. गाव आपण होऊन तुमचे पाय धरायला येईल."

"फुललं की बी वाऱ्यावर जाईल," वैद्य म्हणाले. "गावाला पटेल, पण तोवर कुरण गेलेलं असेल. आपलं म्हणणं खरं ठरावं आणि कुरणही राहावं, असं दोन्ही मिळत नाही रे. मलाही वाईट वाटतं. संध्याकाळी खालचे दिवे लागतात ना, तेव्हा फार वाटतं. पण मी भाकीत केलं ते खोटं पाडायलाच."

शिष्य त्यांच्या शेजारी बसला. मग तोही उपटू लागला.

पुढे वैद्य वारले. झोपडीत शिष्य एकटाच उरला. एका सकाळी येसाबाई म्हशी घेऊन वर आल्या. गवत कमरेला लागत होतं.

"काय रे, आली का तुझ्या बुवांची रानमोडी? बिचारे उगाच जन्मभर भ्याले आणि एकटे पडले."

शिष्याच्या मुठीत नुकतीच उपटलेली रोपं होती. त्यानं मूठ हळूच पाठीमागे नेली.

"नाही आली, बाई," तो म्हणाला. "गुरुजी चुकले."

येसाबाई मान हलवत पुढे गेल्या. म्हशी निवांत चरत होत्या.