वळणाचं माप

माणसं बैलांशी बोलायची त्या काळची गोष्ट. रायबा घराला मोठा ओटा आणि ओट्यालगत बैलगाडीसाठी छप्पर बांधायला निघाला. त्याने गाडी दोरीने मोजली आणि अंगणात खुंट्या ठोकल्या.

त्याचा म्हातारा बैल चांद्या म्हणाला, "धनी, तुम्ही उभी गाडी मोजलीत. ती वळायला लागली म्हणजे?"

शेजारचा गणोजी हसला. त्याचा ओटा तर थेट फाटकापर्यंत आला होता. "बैलाला विचारून घर बांधतोस का रे?"

रायबा चिडला, पण चांद्या जागचा हलेना. शेवटी रायबाने अंगणात राख पसरली. चांद्याने जोडीदारासह गाडी एक फेरा फिरवली. राखेत चाकांचा भलामोठा गोल उमटला. रायबाने निमूट खुंट्या उपटून गोलाबाहेर ठोकल्या. ओटा निम्म्यावर आला. गावाने वर्षभर चेष्टा केली.

पुढच्या श्रावणात नदी गावात शिरली. गणोजीच्या गाडीला वळायला जागा नव्हती, बैल मागे सरेनात, आणि चिखलातून ती मागे ओढणं चार माणसांनाही जमेना. चांद्या मात्र एका दमात वळला आणि फाटकाबाहेर पडला. तीन खेपांत त्याने दोन्ही घरांची माणसं टेकडीवर पोचवली. शेवटच्या खेपेला गणोजी होता.

उतरल्यावर तो हात जोडून म्हणाला, "चांद्या, पाणी ओसरलं की माझ्या अंगणातही एक फेरा मारशील?"

चांद्या रवंथ करत म्हणाला, "मारीन की. आधी तुमचा ओटा पाडा."