नावाड्याचा दगड

खूप खूप पूर्वी, नदीवर पूल बांधायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट.

नदीकाठच्या एका गावात कुणी वारलं की घाटावर त्याच्या नावाचा दगड उभा राही. घरच्यांनी त्यावर कोळशाने चार शब्द लिहायचे आणि अमावास्येला पाथरवटाने ते कोरायचे, अशी रीत होती.

एका वर्षी गावचा नावाडी वारला. घरात लिहिता येत होतं ते फक्त त्याच्या मुलीला. ती भारी लाजरी. कोळसा घेऊन ती घाटावर बसली, तर भोवती गाव जमलं.

"सिंहासारखा शूर, असं लिही पोरी," पाटील म्हणाले.

नावेत बेडूक आला तरी बाबा दचकायचे, हे मुलीला आठवलं. पण तिने लिहिलं.

"आणि मोठा दानी," वैद्यबुवा म्हणाले. "आमच्या आजोबांच्या दगडावर आहे तसं."

तेही तिने लिहिलं.

"वा! आता शोभला दगड!" सगळे म्हणाले. मुलीला बरं वाटलं.

संध्याकाळी आई आली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मुलीने वाचून दाखवलं.

"छान आहे गं," आई म्हणाली. "पण हा कुणाचा? आपला दगड कुठाय?"

दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. एकदा छिन्नी चालली की बाबा कायमचे दुसरेच कुणीतरी होणार होते.

तिने नदीचं पाणी आणून दगड घासून धुतला.

सकाळी पाथरवट आला, मागोमाग गाव आलं. दगडावर लिहिलं होतं, 'उतरताना हात द्यायचे. म्हणायचे, पाण्याकडे नको, काठाकडे बघ.'

"एवढंच?" पाटील ओरडले. "हसतील लोक!"

लाजरी मुलगी दगडाला पाठ लावून उभी राहिली.

"हसू देत, पाटीलबाबा. हे लोकांसाठी नाहीच लिहिलं. मला बाबा विसरायचे नाहीत, म्हणून लिहिलंय. कोरायचं तर हेच कोरा."

"मलाही द्यायचा हात," म्हातारा पाथरवट पुटपुटला आणि त्याने छिन्नी टेकवली.

वर्षं गेली. घाटावरचे शूर आणि दानी दगड शेवाळाने झाकले. कुठला कुणाचा, हे घरच्यांनाही सांगता येईना. नावाड्याच्या दगडावर मात्र शेवाळ धरलंच नाही. नावेत चढताना जो तो त्यावर हात ठेवून जाई, नावाड्याला कधी न पाहिलेला परकासुद्धा.

तात्पर्य : स्वतःसाठी खरं लिहावं, ते परक्यालाही आपलं वाटतं.