अपुरं पंचांग

"बाबा, हे जाळायला तुमची धुनी चालेल ना?"

अंबादासशास्त्र्यांनी काखेतलं बाड धुनीजवळ ठेवलं. येत्या वर्षाचं पंचांग होतं ते, स्वतःच्या हातानं लिहिलेलं. महिन्याभरावर आलेल्या पाडव्याला देवळात त्याचं वाचन व्हायचं. शास्त्र्यांनी वाचल्याशिवाय गावाला नवं वर्ष लागत नसे. निदान शास्त्र्यांची तशी समजूत होती.

लतीफबाबा फकीर गावाबाहेरच्या टेकडीवर राहत. वय विचारलं तर नुसते हसत. माघ सरत आला तरी थंडी हटायला तयार नव्हती, आणि आभाळ चार दिवस भरलेलं.

"चालेल की. लाकडं ओलीच आहेत," बाबा म्हणाले. "लिहून झालंय सगळं?"

"नाही. पुढच्या वसंतपंचमीपाशी थांबलंय."

"का?"

"त्या तिथीला माझ्या यमूचं वर्षश्राद्ध येतं..."

वीस दिवसांपूर्वी तापानं गेलेली शास्त्र्यांची नऊ वर्षांची लेक बाबांनाही ठाऊक होती.

"तिची पत्रिका मीच केली होती. ऐंशी वर्षं आयुष्य लिहिलं होतं. चारचौघांत दाखवत फिरायचो." शास्त्र्यांनी बाडाकडे बोट केलं. "आता कुठल्या तोंडानं गावाला वर्षफल सांगू? पाऊस किती, पीक कसं... मला पुढचं काहीच दिसत नाही, बाबा. बघावंसंही वाटत नाही."

बाबांनी बाड उचललं आणि धुनीवर धरलं.

शास्त्र्यांनी मान फिरवली.

"एक सांगा, शास्त्रीबुवा..." बाबांचा हात थांबला. "त्या वसंतपंचमीला सूर्य किती वाजता उगवणार?"

"काय?"

"म्हातारपणी थंडी सोसत नाही. आधी कळलेलं बरं."

शास्त्र्यांच्या कपाळावर आठी पडली. ही काय थट्टेची वेळ? पण अंगठा आपसूक बोटांच्या पेरांवर फिरू लागला. जन्माची सवय ती, दुःखानं थोडीच सुटते!

"सात वाजून चार मिनिटं."

"पत्रिकेसारखं नाही ना हे?"

शास्त्री ताडकन वळले. "सूर्योदयाचं गणित आहे ते! आजवर एका मिनिटानं चुकलेलं नाही."

"यमू नसली तरी?"

धुनी नुसती धुमसत होती. धुरामुळे असेल किंवा नसेल, शास्त्र्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"...नसली तरी."

बाबांनी बाड त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"मग तेवढं लिहा. त्या दिवशी सात वाजून चार मिनिटांनी मी बाहेर उन्हात येऊन बसेन."