कोकरांच्या तोंडचे दुखणे

पूर्वी शैलपुरात उदयसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वैद्याच्या कुळात जन्मले आणि मोठेपणी राजवैद्य झाले.

नगराबाहेरच्या मेंढपाळवस्तीत वसुला नावाची विधवा राहत होती. आई मेलेल्या कोकराला दुधात बुडवलेले बोट चोखवून जगवायचे, ही तिथली रीत. वसुलाच्या हाताला यश, म्हणून सगळी पोरकी कोकरे तिच्याकडेच यायची. एके वर्षी तिच्या दोन बोटांवर फोड उठले. मध्ये लाल, भोवती पांढरे कडे. माणसाच्या हातावर असले काही कुणी पाहिले नव्हते. झाले, जो तो वैद्य बनला.

"हे कुष्ठच," वस्तीचा प्रमुख कोट्टक म्हणाला. "उद्या वस्ती सोड. लेक इथेच राहील."

चार वर्षांची लेक सोडून जायचे, हे बिचारीला सोसेना. ती तशीच राजवैद्यांच्या दारी गेली. ते लगेच तिच्यासोबत वस्तीत आले आणि तिचा हात त्यांनी खुशाल हातात घेतला. तिला रडूच फुटले. मग त्यांनी एकेका कोकराचा ओठ उलटून पाहिला. ओठांवर तसेच फोड होते, काहींवर खपल्या.

"हे कधी बरे होते, बाई?"

"सव्वा महिन्यात खपल्या गळतात, वैद्यराज."

"मग तुझेही बरे होईल."

"कशावरून?" कोट्टकाने विचारले.

बोधिसत्त्वांनी काट्याने आपले बोट ओरखडले आणि आजारी कोकराच्या तोंडात दिले. "मलाही फोड आले तर हे कोकरांचे दुखणे. तोवर बाईला हलवू नका."

"अहो, फोड आले तर राजवाड्याचे दार बंद होईल तुम्हाला," वसुला कळवळून म्हणाली.

"होऊ दे."

पाचव्या दिवशी त्यांच्या बोटावर तेच कडे उमटले. राजाने दुसरा वैद्य नेमला. बोधिसत्त्व वस्तीतल्या झोपडीत राहिले, आणि धन्य तो पुरुष, गेलेल्या पदाबद्दल एकदाही हळहळले नाहीत. चाळीस दिवसांत आधी वसुलाची बोटे नितळ झाली, मागोमाग त्यांचे बोट. इतके दिवस दूर ठेवलेल्या लेकीला कोट्टकाने स्वतः उचलून वसुलाच्या कडेवर दिले.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाची वसुला म्हणजे आज आजाऱ्यांना पेज भरवणारी ही भिक्षुणी. वैद्य मी होतो. आणि कोट्टक म्हणजे काल खरूज झालेल्या सोबत्याजवळून आसन उचलून दूर बसलेला भिक्षू."

तो भिक्षू उठला, आपले आसन घेऊन सोबत्याशेजारी जाऊन बसला. शास्ते म्हणाले, "हीच करुणा."